न समजलेल्या वाक्याची जागा : प्रस्तावना

अलेक्सासाठी स्किल लिहिणाऱ्या डेव्हलपरला माणसाचा आवाज कधी ऐकूच येत नाही. घरातल्या स्पीकरशी कोणी बोललं की तो आवाज अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर जातो. तिथे त्याचे शब्द होतात, शब्दांवरून हेतू ओळखला जातो, आणि आपल्या कोडकडे येतं ते जेसन स्वरूपातलं एक टिपण : अमुक इंटेंट, अमुक स्लॉट, त्यात अमुक शब्द. बोलणारी आजी वाक्याच्या मध्येच थांबली का, मागे मिक्सर चालू होता का, आवाजात वैताग होता का, यातलं काही त्या टिपणात नसतं. उत्तरही आपण मजकूर म्हणूनच पाठवतो, त्याचा आवाज पलीकडे होतो. हा सगळा व्यवहार ८ सेकंदांत पुरा करावा लागतो. उशीर झाला तर आपलं उत्तर कितीही बरोबर असो, ऐकणाऱ्यापर्यंत ते जात नाही.

म्हणजे आपल्या अ‍ॅपला जे काही ऐकू येतं, ते आपण आधी घेतलेल्या निर्णयांमुळे. कोणते प्रश्न अपेक्षित धरले, ते किती तऱ्हांनी विचारले जातील असं मानलं, माहिती सापडली नाही तर काय म्हणायचं ठरवलं, आणि काहीच कळलं नाही तर पुढे काय. यातले बरेचसे निर्णय प्रत्यक्षात कोणी बसून घेत नाही. ते प्रोजेक्टच्या साच्यातून आयते येतात. साच्यावर अख्खं पुस्तक कशाला, असं अनेकांनी विचारलं. माझं उत्तर हेच आहे : साचा जे सोपं करून ठेवतो ते घाईच्या दिवसांतही होतं, आणि साच्यात ज्याला जागा नाही ते राहून जातं. आवाजाच्या अ‍ॅपमध्ये सर्वांत आधी राहून जातो तो माणूस, ज्याचं बोलणं यंत्राला पहिल्या फटक्यात समजलेलं नाही.

साचा म्हणजे काय, हे नव्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. अलेक्साच्या कमांड लाइनवर ‘आस्क न्यू’ असं लिहिलं की ती दोन-चार प्रश्न विचारते आणि एक भरलेलं फोल्डर तयार करून देते. त्यात स्किलचं नाव-गाव सांगणारी मॅनिफेस्ट फाइल असते, प्रत्येक भाषेसाठी संवादाचं वेगळं मॉडेल असतं, आणि अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डा या सेवेवर चालणारा कोड असतो. संवादाच्या मॉडेलमध्ये इंटेंट, त्यांची नमुना वाक्यं आणि स्लॉटचे प्रकार लिहिलेले असतात. कोडमध्ये प्रत्येक इंटेंटसाठी एक हँडलर, आणि त्या हँडलरला दोन कामं : ही विनंती माझी आहे का ते सांगणं, आणि असेल तर ती पुरी करणं. संवादी अ‍ॅपसाठीची रासा ही चौकट वापरणाऱ्यांना ‘रासा इनिट’ अशीच मांडणी करून देतं. पायथनवाल्यांकडे २०१३पासून कुकीकटर आहे. त्यात आपण स्वतःचा साचा ठेवला की नवीन प्रोजेक्टचं नाव विचारून तो सगळ्या फाइलींमध्ये ते नाव भरून देतो. अवजारांची एवढीच ओळख इथे पुरे, तपशील तिसऱ्या प्रकरणात आहेत.

या तयार साच्यांबद्दल मला आदर आहे. अलेक्साच्या अगदी प्राथमिक नमुन्यातही मदत मागणाऱ्यासाठी, थांब म्हणणाऱ्यासाठी आणि काहीतरी भलतंच बोललेल्या माणसासाठी वेगळे हँडलर असतात. ज्याने तो रचला, त्याने या प्रसंगांचा विचार केलेला आहे. पण विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहताना पुन्हा पुन्हा दिसतं ते असं की स्वतःचे इंटेंट मन लावून लिहिलेले असतात आणि न समजल्याचं वाक्य मात्र नमुन्यातलं, जसंच्या तसं. ‘माफ करा, पुन्हा प्रयत्न करा.’ काय पुन्हा करायचं, वेगळं काय म्हणायचं, याचा पत्ता नाही. त्या वाक्याशी पोहोचलेली व्यक्ती आधीच एकदा अपयशी ठरलेली असते. तिला दिलेलं उत्तर हा अ‍ॅपचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे, असं मी मानतो, आणि पुस्तकातला साचा त्याच बाजूने रचायला सुरुवात केली आहे.

त्याआधी प्लॅटफॉर्मबद्दल. अ‍ॅमेझॉनने अलेक्सा स्किल्स किट बाहेरच्या डेव्हलपरांसाठी जून २०१५मध्ये खुलं केलं. गूगलने डिसेंबर २०१६मध्ये आपल्या असिस्टंटसाठी तसंच दार उघडलं. कितीतरी लोकांनी त्यावर खेळ, पाककृती, वेळापत्रकं, प्रश्नमंजूषा बांधल्या. १३ जून २०२३ रोजी गूगलने संवादावर चालणारी ती सगळी अ‍ॅप्स बंद केली. मुक्त स्रोतातला मायक्रॉफ्ट हा असिस्टंट चालवणाऱ्या कंपनीचं कामही त्याच वर्षी थांबलं, पुढचा वारसा स्वयंसेवकांच्या प्रकल्पांनी उचलला. आवाजाच्या जगात हे नवीन नाही. टेलिफोनवरच्या संवादासाठी व्हॉइसएक्सएमएल नावाची भाषा होती, तिची दुसरी आवृत्ती मार्च २००४मध्ये डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक झाली होती. आज नवीन काम सुरू करणाऱ्या तरुणाने तिचं नावही ऐकलेलं नसतं.

ज्यांनी आपल्या अ‍ॅपचं सगळं ज्ञान प्लॅटफॉर्मच्या हँडलरमध्येच ओतलं होतं, त्यांना तो बंद पडला त्या दिवशी शून्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून आपल्या साच्यात मध्यभागी जो भाग आहे त्याला अलेक्सा, रासा, फोन यांतलं काहीही माहीत नाही. त्याला फक्त प्रश्न आणि उत्तर कळतं. प्लॅटफॉर्मशी बोलणारे छोटे दुवे कडेला आहेत, एक गेला तर दुसरा लावता येतो. याने सुरुवातीला दोन फोल्डर जास्त होतात आणि घाईतल्या माणसाला ते नकोसं वाटतं. तरीही मी याबाबतीत हट्टी आहे.

आता मराठीकडे, कारण या पुस्तकाचं खरं कारण तेच आहे. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. गूगल असिस्टंट २०१८मध्ये मराठी समजू लागला. अलेक्सात भारतीय इंग्रजी आणि, २०१९पासून, हिंदी आहे. मराठी स्किलसाठी तिथे मॉडेल नाही. मग मराठीत काम करायचं तर आवाजाचे शब्द करणारा भाग स्वतः निवडावा लागतो. सुदैवाने आता निवडण्यासारखं बरंच आहे. सप्टेंबर २०२२मध्ये खुलं झालेलं व्हिस्पर मराठी ओळखतं. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाने मराठीसह अनेक भारतीय भाषांची मॉडेलं आणि ध्वनिसंग्रह खुले केले. केंद्र सरकारचं भाषिणी आहे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये लोकांनी स्वतःच्या आवाजात वाचलेली मराठी वाक्यं साठत आहेत.

पुस्तकभर एकच उदाहरण चालवलं आहे : बाजार समितीतले शेतमालाचे भाव सांगणारं अ‍ॅप. ते निवडण्यामागे एक ऋणही आहे. मोबाइलवर असिस्टंट येण्याच्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि आयआयटीतले संशोधक महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवरून गोळा करत होते, त्यांनी पिकाचं आणि बाजाराचं नाव बोललं की भाव सांगता यावा म्हणून. त्या काळच्या तंत्राने, खडखडणाऱ्या लाइनवर केलेलं ते काम आज फार कमी जणांना ठाऊक आहे. मराठीतलं बोलकं अ‍ॅप म्हणजे परदेशी कंपनीच्या डब्यावरची हौस, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते जरूर शोधून वाचावं.

उदाहरण साधं दिसतं. पीक, बाजार आणि दिवस असे तीन स्लॉट. इंग्रजी नमुन्यात स्लॉटच्या आजूबाजूचे शब्द सुटे असतात, त्यामुळे मधला शब्द उचलला की काम झालं. हिंदीतही ‘लासलगाँव में’ लिहिताना ‘में’ वेगळा पडतो. मराठीत माणूस विचारतो, ‘लासलगावात आज कांद्याला काय भाव?’ प्रत्यय चिकटलेला, आणि मूळ शब्दाचंही रूप बदललेलं. पीक विचारताना कांद्याचा, हरभऱ्याचा, मक्याचा, तुरीचा, गव्हाचा, लसणाचा. बाजार विचारताना साताऱ्यात, सोलापुरात, नाशकात आणि नाशिकमध्ये, दोन्ही. यादीत ‘गहू’ आहे आणि बोलण्यात ‘गव्हाला’ आलं, तर अक्षरांची साधी तुलना करणारा कोड हात वर करतो.

इथे दोन रस्ते आहेत. सामान्यरूपाचे नियम लिहून मूळ शब्द काढायचा, किंवा प्रत्येक नावाची सगळी रूपं आधीच यादीत ठेवायची. व्याकरणाची आवड असलेल्यांना पहिला रस्ता मोहात पाडतो. मी दुसरा निवडला आहे. पिकं आणि बाजार मोजके असतात, आणि नियमांना अपवाद इतके की चुकीचं रूप कुठून आलं हे शोधण्यात दिवस जातो. साच्यात एक लहान स्क्रिप्ट आहे. ती प्रत्येक नावाची शक्य रूपं तयार करते, मग ती यादी मराठी बोलणाऱ्या माणसाने डोळ्यांखालून घालायची, चुकीची खोडायची, राहिलेली भरायची. ही पायरी साच्यात सक्तीची ठेवली आहे. यादी तपासल्याची खूण नसेल तर पुढचं काही चालतच नाही.

मग आकडे. भावांच्या अ‍ॅपमध्ये आकडे टाळता येत नाहीत, आणि मराठी माणूस आकडे पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांच्या आधाराने बोलतो. ‘कांदा साडेबाराशेच्या वर गेला की सांग’ यातला आकडा १२५० आहे हे कळायला हवं. सव्वाशे, पावणेदोनशे, दीड हजार, अडीच हजार, सव्वा लाख ही रूपं अपवाद म्हणून शेवटी हाताळायची नाहीत, ती पहिल्या दिवसापासून आकड्यांच्या फंक्शनमध्ये हवीत. ऐकणाऱ्या मॉडेलची तऱ्हा अशी की तोच आकडा कधी अंकांत लिहून येतो, कधी अक्षरांत, म्हणून दोन्ही वाटांनी एकाच संख्येपर्यंत पोहोचावं लागतं. सात आणि साठ, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव गोंगाटात एकमेकांसारखे ऐकू येतात. भावाचा इशारा लावण्यापूर्वी आकडा परत बोलून खात्री करून घेण्याची पायरी साच्यात त्यासाठीच आहे.

दिवसांमध्येही अशी एक खोच आहे. मराठीत काल आणि उद्या वेगळे आहेत, पण ‘परवा’ दोन्ही दिशांना जातो. भाव विचारणारा परवा म्हणतो तेव्हा तो दोन दिवसांपूर्वीचा, आणि गाडीचं आरक्षण करणारा परवा म्हणतो तेव्हा दोन दिवसांनंतरचा. तारीख काढणाऱ्या फंक्शनला ही दिशा अ‍ॅपने सांगायची, फंक्शनने स्वतः ठरवायची नाही. साच्यात ती एक ओळीची सेटिंग आहे. कोणी ती भरली नाही तर साचा अडून बसतो.

बोलीचा विचार मी जास्त जागा देऊन केला आहे. नमुना वाक्यं लिहिणारा सहसा शहरात शिकलेला, प्रमाण मराठीत टाइप करणारा असतो. वऱ्हाडात ‘भाव काय चालून राहिला’ असं विचारतील. कोल्हापूर भागात बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, तेव्हा क्रियापदावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे ठरवू पाहणारा कोड तिथे हमखास चुकेल. असं ठरवण्याची गरजही नसते. समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणावं आणि अ‍ॅपच्या तोंडी ‘सांगतो’, ‘सांगते’ यांची वेळच येणार नाही अशी वाक्यं लिहावीत. ‘आजचा भाव असा आहे’ म्हटलं की काम होतं. साच्यातल्या नमुना वाक्यांच्या फाइलीत प्रत्येक वाक्यापुढे ते कुठल्या भागातून आलं हे लिहायचा रकाना आहे. पंधरा वाक्यांपैकी पंधराच्या पंधरा पुण्याची निघाली तर ते दिसावं, एवढाच हेतू.

अ‍ॅपचं बोलणं हा वेगळा विषय आहे आणि त्यावर इतरांनी चांगलं लिहिलेलं आहे, म्हणून मी तो आवरता घेतला. बाजार समितीच्या तक्त्यात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, क्विंटलमागे. डोळ्यांना तिन्ही एकदम झेपतात, कानाला नाही. आधी सर्वसाधारण दर सांगावा, बाकीचे विचारल्यावर. अ‍ॅपचं प्रत्येक वाक्य कोडपासून वेगळ्या फाइलीत असावं, म्हणजे मराठीची जाण असलेल्या पण प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या व्यक्तीला ते वाचून सुधारता येईल. आणि प्रत्येक वाक्य यंत्राच्या आवाजात ऐकूनच पुढे पाठवावं. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांतला ज लिहिताना सारखाच असतो. यंत्र कोणता उच्चार निवडेल हे ऐकल्याशिवाय कळत नाही. अलेक्साच्या नियमांतली एक गोष्ट मी सगळ्यांसाठी उचलली आहे : प्रश्न विचारला नसेल तर माइक उघडा ठेवायचा नाही. घरात कोणी आपल्याशी बोलत नसताना ऐकत राहणं हे अतिक्रमण आहे.

आता त्या न समजलेल्या वाक्याकडे. साच्यात त्यासाठी तीन पायऱ्यांची जागा आहे. पहिल्यांदा कळलं नाही तर जेवढं कळलं तेवढं सांगून उरलेलं विचारायचं : ‘कांद्याचा भाव हवाय हे कळलं. कोणत्या बाजारातला?’ दुसऱ्यांदाही नाही कळलं तर निवडीला दोन-तीन पर्याय द्यायचे, बोलणाऱ्याच्या जिल्ह्यातले. तिसऱ्यांदा अ‍ॅपने थांबायचं आणि दुसरी वाट दाखवायची. भावांच्या अ‍ॅपसाठी ती वाट म्हणजे किसान कॉल सेंटर, जिथे २००४पासून माणसं फोन उचलतात. प्रत्येक पायरीचं वाक्य प्रोजेक्टच्या मालकाने स्वतः लिहायचं. साच्यात तिथे मुद्दाम रिकामी ओळ ठेवली आहे आणि ती रिकामी असेल तर चाचण्या नापास होतात. तयार वाक्य ठेवलं असतं तर ते तसंच राहिलं असतं.

न समजलेलं काय होतं हे नंतर कळावं म्हणून नोंदी ठेवाव्या लागतात, आणि इथे हात आखडता हवा. कोणता इंटेंट धरला, स्लॉटमध्ये काय आलं, यादीशी जुळलं की नाही, कितव्या पायरीवर संवाद सुटला, एवढं पुरतं. नाव, फोन नंबर, ध्वनिमुद्रण साच्यात मुळातच बंद आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती कशासाठी घेतली हे स्पष्ट सांगणं बंधनकारक केलं आहे. कायदा नसता तरी एखाद्या शेतकऱ्याच्या घरातला आवाज आपल्या सर्व्हरवर साठवायला माझं मन धजलं नसतं.

मोठी भाषिक मॉडेलं आल्यापासून इंटेंट आणि स्लॉट यांची गरजच संपली, असं ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. ‘गव्हाला काय चाललंय’ हे अशा मॉडेलला यादीशिवायही बऱ्याचदा कळतं, आणि पुस्तकाच्या शेवटच्या भागात तो दुवा जोडून दाखवला आहे. पण भाव आणायला बाजाराचा निश्चित संकेतांक लागतोच, इशारा लावायला नेमकी संख्या लागतेच. मॉडेलने न कळलेलं बाजाराचं नाव आत्मविश्वासाने दुसऱ्याच बाजाराचं धरलं तर शेतकरी चुकीच्या भावावर गाडी भरेल. समजलं नाही हे कबूल करण्याची शिस्त जुन्या पद्धतीत तरी ठळक होती. नव्या पद्धतीत ती साच्यानेच आणावी लागते : मॉडेलने सुचवलेलं प्रत्येक नाव यादीशी ताडून पाहायचं, आणि जुळलं नाही तर वर सांगितलेल्या पहिल्या पायरीवर यायचं.

हे पुस्तक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींसाठी, छोट्या कंपन्यांतल्या टीमसाठी आणि ग्रामीण भागात माहितीचं काम करणाऱ्या संस्थांसाठी आहे. थोडं पायथन येतं एवढं गृहीत धरलं आहे. पहिल्या प्रकरणात कोड नाही. साच्यातली पहिली फाइल कोरी आहे, आणि ती भरायला संगणकापासून उठावं लागतं. आपल्या अ‍ॅपचा वापर करतील अशा पाच माणसांकडे जा, त्यांना हवं ते कसं विचारतील हे बोलायला सांगा, आणि जे ऐकाल ते व्याकरण न सुधारता उतरवून घ्या. पाचांतली किमान दोन माणसं तुमच्या जिल्ह्याबाहेरची असावीत. वाक्यं आली की दुसरं प्रकरण उघडा.